सरकारी पिशवी

साहेब, पाच महिन्यांच्या पोरीला तुम्ही एप्रिलच्या उन्हात शिजवलंत. हाताने नाही, हुकमाने. आणि वर तिच्या कार्डावर तांबड्या शाईने लिहून टाकलंत: ‘मातेचा निष्काळजीपणा’. तुमचं नाव इथे घालत नाही. तुमची खुर्ची कुठली, ते पेडण्यापासून डिचोलीपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. पण ती निष्काळजी माता कोण, हे मात्र लोकांनी नीट ऐकावं.

तिचं नाव रत्ना. मूळची चंदगडकडची. नवरा विजय डिचोलीच्या बाजूला एका कारखान्यात बारा तास उभा असतो, म्हणून दोघं गोव्यात इब्रामपूरला पद्मावतीकाकीच्या घराच्या मागल्या खोलीत भाड्याने राहतात. काकीची डोंगरावर काजूची बाग आहे. हंगामात रत्ना तिथे कामाला जाते. काजूची पडलेली फळं, म्हणजे बोंडू, गोळा करायचे, पिरगळून बी वेगळी करायची, टोपली भरली की खाली आणायची. मूल सांभाळायला घरी कोणी नाही, तेव्हा दीपा आईबरोबरच डोंगरावर.

पहिल्या दिवशी रत्नाने पोरीला कडेवर घेतलं आणि मोकळ्या हाताने बोंडू वेचायला लागली. तासाभरात कंबर धरली, पोर घसरायला लागली. काकी वरच्या अंगाला होती, तिथून तिने हे बघितलं.

“गो बाय, काजू येचतंस की काजूंची पूजा करतंस? एकेक फळ उचलून बगतंस ता!”

“काय करू काकी, हात एकच हाय.”

काकी घरी गेली आणि नवऱ्याचं जुनं धोतर घेऊन आली. शेकडो वेळा धुऊन इतकं विरलेलं, की उन्हात धरलं तर पलीकडचं झाड दिसावं. तिने ते मधोमध टर्रकन फाडलं.

“ह्या बग. एक पदर खांद्यार. पाठीसून फिरवन काखेतसून काड आनी कुशीक गाठ मार. चेडवाची हणवटी छातीक टेकता नये, दोन बोटां जागा व्हयी. तोंड सदा तुका दिसाक व्हया. आनी कापड एकेरीच. दोन पदरी केलंस तर उकडतला तिका. मधी मधी सावळेक बस, पाज. माजी चारय पोरां अशीच वाडली.”

रत्नाने बांधून बघितलं. दीपा कुशीला चिकटली, पाय दोन्हीकडे मोकळे, पाठीला वारा. दोन मिनिटांत झोपली. रत्नाचे दोन्ही हात सुटे झाले. तिने ते असे समोर धरून बघितले, जणू कोणी नवीन आणून दिले होते.

संध्याकाळी गोकुळदासकाका अंगणात ओरडले, “माजा धोतर खंय गेला गो?”

“ता आता दीपाचा झाला. तुमी प्यांट शिवा!”

महिनाभर असं चाललं. पोरीच्या अंगावर घामोळ्याचा एक दाणा उठला नाही. दमडी खर्च नाही, दुकान नाही, रोज रात्री धुतलं की सकाळी सुकलेलं. हे चांगलं चाललं होतं, साहेब. कोणी तुमच्याकडे काही मागितलं नव्हतं.

मग क्षमा आली. क्षमा म्हणजे अंगणवाडीची बाई, गावातलीच, मनाने बरी. तिला वरून निरोप आला होता, आणि तो तिने जसाच्या तसा रत्नाला आणि गावाजवळ पुलाच्या कामावर आलेल्या मजुरांच्या झोपड्यांत जाऊन सांगितला. “सोमवारी पिशवीचं शिबिर आहे. लहान मूल असलेल्या सगळ्या बायांनी यायचं. साहेब स्वतः येणार. सगळं फुकट.”

झोपड्यांतल्या बाया कोल्हापूर-बेळगावकडच्या. त्यांच्या मुलखात बायकांची पिशवी म्हटली की एकच, पोटातली. कंबर दुखली म्हणून दाखवायला जावं आणि पिशवी काढून घेऊन यावं, अशा प्रत्येकीच्या घरात एक-दोघी. त्यात शिबिर, त्यात साहेब, त्यात फुकट! सोमवारी पहाट उजाडायच्या आत निम्म्या झोपड्यांना कुलपं, बाकीच्यांची दारं आतून बंद. एक बाई तर पोर घेऊन बसने थेट वास्कोला बहिणीकडे पोचली.

रत्नानेही दार लावून घेतलं होतं. क्षमा जनेलाच्या गजांपाशी येऊन हाका मारायला लागली.

“अगो, भायर ये! पोटातली पिशवी न्हय गो! पोर घालतात ती पिशवी!”

“पोर घालतात ती पोटातलीच की!” रत्ना आतून ओरडली.

क्षमा कपाळाला हात लावून खाली बसली. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने सगळं उलगडून सांगितलं, हातापाया पडली, “तू तरी चल, नाहीतर माझी नोकरी जाईल,” म्हणाली. म्हणून रत्ना गेली. एकटी.

साठ खुर्च्या मांडल्या होत्या. साहेब गाडीतून उतरले, रिकाम्या खुर्च्या बघितल्या आणि त्यांचं तोंड आंबलं.

“बाकीच्या कुठे आहेत? अडाणी लोक! फुकट दिलं तरी घेत नाहीत.” मग त्यांची नजर रत्नाच्या कुशीकडे गेली. “आणि ही काय चिंधी गुंडाळलीय पोराला? काढा ती. फोटोत दिसता कामा नये.”

चार पुरुषांसमोर रत्नाने गाठ सोडली. दीपा रडायला लागली. साहेबांच्या माणसाने खोक्यातून पिशवी काढून रत्नाच्या अंगावर चढवली. काळंकुट्ट जाड कापड, आत बोटभर फोम, त्याच्या आत प्लास्टिकसारखं अस्तर. थंड देशात बर्फात फिरायला शोभेल अशी. खांद्याचे पट्टे मागे पाठीच्या अगदी मधोमध एका क्लिपेत अडकायचे. सोडवायची तेवढी ती एकच जागा, बाकी सगळं शिवलेलं. पोरीचे पाय खालच्या भोकांतून बाहेर. खट् करून क्लिप लागली.

“आता कशी शहरातली आई वाटते!” साहेब हसले. फोटो काढणाऱ्याने त्या एकाच बाईचे चाळीस कोनांतून चाळीस फोटो काढले.

रत्नाने विचारलं, “साहेब, पर हे मागनं मी एकटीनं कसं सोडायचं?”

“घरात माणसं असतात ना!” साहेब गाडीकडे वळता वळता म्हणाले. “क्षमाबाई, यापुढे पोर फडक्यात दिसलं तर पोषण आहार बंद. लक्ष ठेवा.”

रत्नाने हुकूम पाळला. आहाराचं पाकीट बंद होईल या भीतीने पाळला. अंगावर पाजणारी बाई पाकिटावर किती जगते, हे साहेबांना विचारून उपयोग नाही.

काकी मात्र पहिल्याच दिवशी बोलली. “चेडू आसा ता. फणस न्हय, असा कोंडून पिकत घालूक!”

“काकी, आहार तोडला तर?”

“तोडूं दी. मी दितंय तुका पेज.”

रत्नाला ते पटलं होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पुन्हा पिशवीच चढवली आणि क्लिप लावायला पाठ काकीकडे वळवली.

तिसऱ्या दिवशी, अकराच्या सुमाराला, ती डोंगराच्या माथ्यावर एकटी होती. काकी टोपली घेऊन खाली गेलेली. सकाळभर किरकिरणारी दीपा गप्प झाली, तेव्हा रत्नाला आधी बरंच वाटलं. मग तिने वाकून बघितलं. पोरीचं तोंड भाजलेल्या मिरचीसारखं लाल, ओठ कोरडे, मान एका बाजूला पडलेली. गालाला हात लावला तर चटका बसला.

तिने हात मागे नेला. बोटं क्लिपेला लागत होती, पण दाबता येत नव्हती. दुसरा हात खांद्यावरून टाकला. पोचत नव्हता. पोरीला वरून ओढलं तर पाय भोकांत अडकले. तिने हाका मारल्या, “काकी! अवो काकी!” डोंगरावर कावळा ओरडला, बाकी काही नाही. पाठ झाडाच्या खोडावर घासली, ब्लाउज फाटला, कातडं सोललं, क्लिप काही निघाली नाही. शेवटी तिने कंबरेची कोयती काढली. पोटच्या पोरीच्या कानापासून चार बोटांवर कोयतीचं पातं धरून तिने तो पट्टा कापला. साहेब, तुम्ही त्या वेळी कुठे होतात?

ती धावत खाली आली. काकीने पोरीला जनेलाखाली वाऱ्याला निजवलं, ओल्या तुवाल्याने अंग पुसत राहिली, आणि रिक्षा येईपर्यंत रत्नाला पाजायला लावलं. दीपाने ओठ लावले तेव्हा काकी पहिल्यांदा खाली बसली. आरोग्य केंद्रात दोन दिवस ठेवली. पोर वाचली. डॉक्टरीणबाईंनी एवढंच विचारलं, “इतकं जाड घालून उन्हात का नेलंत?” रत्नाने कापलेली पिशवी पुढे केली. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली आणि बाजूला ठेवली.

केंद्रातून तपासणीसाठी वर गेलेलं दीपाचं लसीचं कार्ड चार दिवसांनी साहेबांच्या ऑफिसातून फिरून आलं. तांबड्या शाईत दोन ओळी आणि सही. ‘मातेचा निष्काळजीपणा’. त्याखाली ‘शासकीय साहित्याची नासधूस’.

लस टोचायला गेली तेव्हा नव्या नर्सने ते मोठ्याने वाचलं आणि रांगेतल्या सगळ्या बाया रत्नाकडे वळल्या. एकीने आपलं पोर दुसऱ्या कडेवर घेतलं. विजय ऑफिसात दोनदा जाऊन आला. “लाल शाई आम्हाला खोडता येत नाही, साहेबांनाच भेटा,” आणि साहेब कायम बैठकीत. ते कार्ड पोरीबरोबर शाळेपर्यंत जाणार होतं. उद्या दीपा वाचायला शिकली की पहिलं हेच वाचणार.

रत्ना रडली नाही. ती जेवायची, काम करायची, आणि मनात एकच चित्र बघायची: तो माणूस, ती पिशवी, आणि ऊन. तिला तेच हवं होतं. आधी ते, आणि मग त्याच्याच हाताने ती शाई खोडलेली.

मे महिन्यात साहेबांनीच तिची सोय केली. डिचोलीला मोठा कार्यक्रम ठेवला. फलकावर रत्नाचा हसरा फोटो, खाली ‘सुरक्षित माता, आनंदी बाळ’. एका टेबलावर निष्काळजी ठरवलेली बाई दुसऱ्या टेबलावर आदर्श झाली होती, आणि दोन टेबलांचं आपसात बोलणं नव्हतं. क्षमाने निरोप आणला, “तुझा सत्कार आहे गो.” तिचा आवाज चोरट्यासारखा झाला होता.

“येतो म्हणून सांग,” रत्ना म्हणाली. “काकी पण येणार.”

सत्कार झाला. नारळ मिळाला. मग साहेब सगळ्यांना फोटोसाठी मांडवाबाहेर फलकाखाली उघड्यावर घेऊन आले. बाराचं ऊन, खाली फरशी तापलेली. दोन-तीन पत्रकार, पन्नासेक बाया.

रत्नाने टेबलावरची नवी पिशवी उचलली आणि गोड आवाजात म्हणाली, “साहेब, बापांनी पण पोर घ्यावं, असं भाषणात म्हणालासा न्हवं? मग एक फोटो तुमचा.”

“घ्या साहेब, घ्या!” पत्रकार हसले. साहेबांनाही ते आवडलं. त्यांनी हात पुढे केले. रत्नाने पट्टे चढवले, मागे गेली, खट्. काकीने लगेच कापडात बांधलेलं काजूबियांचं गाठोडं पुढून आत कोंबलं.

“दीपाच्या वजनाच्या बिया हायत,” रत्ना म्हणाली. “खरी पोर तुमच्यापाशी द्यायला धाडस होत न्हाई.”

फोटो निघाले. साहेबांच्या कपाळावर घाम आला. “बास. काढा आता.”

रत्ना मांडवाच्या सावलीत जाऊन बसली. “काढा की. घरात माणसं असतात न्हवं?”

साहेबांनी हात मागे नेला. मग दुसरा. गोल फिरले. बायांत कोणीतरी खुदकन हसलं, मग दोघी, मग सगळ्या. मोबाइल वर झाले.

“क्षमाबाई!”

क्षमा दहा पावलांवर उभी होती, तिथूनच म्हणाली, “माझा हात पोचत नाही, साहेब.”

ड्रायव्हर सुदेश धावला. तो इब्रामपूरचाच. काकी त्याच्या आडवी आली. “रे सुदेशा, आवशीक विचार तू कशात वाडलंस ता. मगे हात लाय.” सुदेश थांबला आणि आपल्या चपलांकडे बघायला लागला.

पाच मिनिटं झाली. आठ झाली. साहेबांचा सदरा अंगाला चिकटला, तोंड लाल झालं, दम लागला. “तुला माहीत आहे का, मी काय करू शकतो?”

“म्हाईत हाय. लाल शाईनं लिहू शकता.”

रत्ना उठली. दीपाचं कार्ड काढून तिने त्यांच्या नाकासमोर धरलं. हसणं थांबलं. बाया पुढे सरकल्या.

“वाचा. मोठ्यानं वाचा. तुमच्या खिशात पेन हाय. ह्या दोन ओळी तुम्ही खोडा, मी क्लिप सोडतो. पर त्याच्या आधी एक सांगा, ह्या सगळ्या बायांच्या समोर. माझी पोर ह्यात घालायच्या आधी ही पिशवी तुम्ही उन्हात एकदा तरी कुणाच्या अंगावर घालून बघितली होती का? इकडं तिकडं बघू नका. मी विचारतो हाय. व्हय का न्हाई?”