मधल्या खोलीतला डबा

"ताई, दोन्ही डबे रेडिओच्या काट्यावर एकाच जागी कधी आणू नकोस. आणि शिट्टी वाजली तर नुसता आवाज कमी करून गप्प बसू नकोस," धुळ्याच्या बसच्या पायरीवरून गिरधरने बजावलं.

"बीएस्सी झालेय रे मी! तू जा," मंदाकिनी हसली.

धाकटा भाऊ धुळ्याला पॉलिटेक्निकमध्ये शिकवायचा. गेल्या महिन्यात तिच्या तान्ह्या लेकीला, चिऊला, तापात आकडी आली, तेव्हापासून मंदाकिनी पाळण्याजवळून हलेना. म्हणून त्याने जळगावला येऊन ही बिनतारी सोय करून दिली. पुढच्या खोलीत पाळण्यावर माइकचा एक डबा. त्याचा आवाज मागच्या गच्चीपर्यंत पोचेना, तेव्हा मधल्या खोलीत एक रेडिओ आणि रेडिओसमोर दुसरा डबा; तो ऐकलेलं सगळं गच्चीवरच्या रेडिओकडे धाडायचा. पहिला डबा काट्याच्या डाव्या टोकाला लागे, दुसरा उजव्या.

बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायच्या दिवशी सकाळी गच्चीवरच्या रेडिओत उजवीकडे नुसती खरखर. कुणाच्या तरी टीव्हीची असेल. डावीकडे मात्र स्वच्छ. मंदाकिनीने गच्चीवरचा काटा आणि दुसरा डबाही डावीकडे आणला. लगेच कान फाटेल अशी शिट्टी! तिने मधल्या रेडिओचा आवाज पार उतरवला. शिट्टी थांबली. गच्चीवरच्या रेडिओत पंख्याची मंद घरघर येऊ लागली. पोर झोपलंय, तिला बरं वाटलं.

ज्वारीचा घाटा गरम असतानाच लुगड्यावर पसरावा लागतो. मध्येच हात काढता येत नाही. सासूबाई सुमनबाई पातेलं घोटत होत्या. मंदाकिनीचा कान रेडिओकडे.

"पोरगी पाळणामा शे का रेडिओमा?" एरंडोलकडच्या भिकुबाईने टोमणा मारला. सगळ्या हसल्या. तीही हसली.

तेवढ्यात रेडिओतून खोकला आला. सासऱ्यांचा, तोताराम नानांचा. अगदी कानाशी खोकल्यासारखा. मग तांब्या ठेवल्याचा आवाज.

मंदाकिनीचा हात थांबला. नाना तर मधल्या खोलीत बसतात. म्हणजे पंखाही तिथलाच! मधला रेडिओ तर तिनेच गप्प केला होता; पाळण्याजवळचं तिला काहीच ऐकू येत नव्हतं.

पळी टाकून ती जिन्यावरून धावली. "काय झालं गं?" कानांनी जड झालेल्या नानांनी विचारलं. ती थांबलीच नाही. पुढच्या खोलीत पाळणा रिकामा होता.

"भाभी! इकडं आहे हो, ओट्यावर!"

शेजारची जमीला बसली होती. मांडीवर चिऊ, कपाळावर ओलं फडकं. "रडून बेजार झाली होती. किती हाका मारल्या, नानांना ऐकूच येईना. मग मीच आत आले. अंग गरम आहे थोडं. आकडीबिकडी काही नाही, मी नजर हटवली नाही."

चिऊने आईला नीट ओळखलं आणि तिच्या हातावरचा घाटा चाटला. मंदाकिनी मटकन खाली बसली. हसली, रडली, पुन्हा हसली.

"बिबडे राहू दे गं, तू तिथंच बस!" मागोमाग जिन्यात आलेल्या सासूबाई ओरडल्या.

"आता सापडली का टेशनवर?" त्यांच्या मागून भिकुबाईने विचारलं.

"सापडली!" मंदाकिनी ओरडली. इतकं मोकळं ती महिन्यात ओरडली नव्हती.

संध्याकाळी दुसरा डबा खरखरीसकट उजवीकडे गेला आणि मधल्या रेडिओचा आवाज पुन्हा चढला. रेडिओ अजून लागतो, पण मधूनमधून ती स्वतः जिना उतरतेच. आणि भेटेल त्याला सांगते, तसंच तुम्हालाही: घरात कुणी फार वेळ शांत असेल, तर ती शांतता ऐकत बसू नका. हे वाचणं ठेवा, उठा, आणि एकदा डोळ्यांनी बघून या.