फाइली काढा

शहाद्याजवळच्या कळसाडी गावचे रूपचंदभाई साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर तीस वर्षं होते. उसाची भरलेली गाडी काट्यावर उभी राहायची आणि रूपचंदभाई कॉम्प्युटरवर वजन घेऊन पावती फाडायचे. इतके टन, वर इतके किलो. अंदाज हा शब्द त्यांना शिवीसारखा लागायचा. अशा माणसावर साठी उलटल्यावर स्वयंपाक करायची पाळी आली, आणि स्वयंपाकात तर बघावं तिकडे अंदाजच.

पाळी आली ती अशी. मुलगी कामिनी सुरतेला बाळंत झाली, जुळी पोरं झाली. जसोदाबाई सव्वा महिन्यासाठी म्हणून लेकीकडे गेल्या. सव्वा महिन्याचे सहा महिने झाले, सहाचं वर्ष झालं, आता दोन वर्षं उलटून गेली. भांडण नाही, तंटा नाही. लेक नोकरीवर, जावई नोकरीवर, पोरं लहान, मग आजी निघणार कशी? रूपचंदभाईंनीही तोंडाने 'ये' असं कधी म्हटलं नाही. म्हणायला कशाला पाहिजे, तिला कळत नाही का, असं त्यांचं म्हणणं. असल्या हट्टापायी माणसं किती वर्षं वाया घालवतात, काही विचारू नका.

जायच्या आधी चार दिवस जसोदाबाईंनी त्यांना स्वयंपाक सांगितला. रूपचंदभाईंनी कामिनीचा कॉलेजातला लॅपटॉप चुलीजवळच्या ओट्यावर ठेवला आणि त्या सांगतील ते सगळं रेकॉर्ड केलं. एकेचाळीस फाइली झाल्या. पहिली वरणाची, शेवटची फुनके, म्हणजे डाळीचे वाफवलेले मुटके, आणि कढीची. ही माणसं गुजर, घरात गुजरी बोली बोलतात, मी आपलं मराठीत सांगतो. प्रत्येक फाइलीत तीच गंमत. जसोदाबाई म्हणायच्या, "मीठ अंदाजाने." रूपचंदभाई मध्येच विचारायचे, "अंदाजाने म्हणजे किती?" मग त्या हसायच्या. "हाताला कळतं हो. घाला तर आधी."

खरं सांगायचं तर वर्षाच्या आतच त्यांचा हात बसला होता. दादरची, म्हणजे रब्बीच्या ज्वारीची, भाकर टम्म फुगायची. तरी फाइल लावल्याशिवाय ते परातीला हात लावत नसत. एकदा फाइलीतला आवाज ऐकून शेजारच्या तुळशीबाईंनी भिंतीपलीकडून विचारलं, "जसोदा आली का काय?" रूपचंदभाई कसंनुसं हसले आणि आत निघून गेले.

रविवारी सुरतेहून फोन यायचा. "बरं आहे ना?" "बरं आहे." "जेवलात?" "जेवलो." एवढं होतंय तोवर पोरं फोन ओढून घ्यायची. रूपचंदभाईंचा फोन बटणांचा, त्यात तोंड काही दिसत नाही. पोरांचा गलका ऐकत ते पाच मिनिटं उभे राहायचे आणि मग फोन बंद व्हायचा. आठवड्याचं बोलणं तेवढंच. बाकी जे काही बोलणं व्हायचं ते लॅपटॉपशी.

आणि लॅपटॉपच आता थकला होता. चालू व्हायला चहा उकळेपर्यंत वेळ घ्यायचा. स्क्रीनवर रोज पाटी यायची की ही विंडोज जुनी झाली, आता हिला कोणी वाली नाही. तेही चाललं असतं. पण गेले आठ महिने फाइल लावली की जसोदाबाई अडकायच्या. "मीठ… मीठ… मीठ…" असं म्हणत राहायच्या आणि पुढचं हसू यायचंच नाही. रूपचंदभाई पोळपाट घेऊन वाट बघत बसायचे. एक दिवस ती सगळीच गप्प झाली तर घरात बोलायला कोण उरणार, ही धास्ती त्यांना बसली.

मग ते शहाद्याला कुंदनकडे गेले. कुंदनचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, पंधरा वर्षांची ओळख. त्याने लॅपटॉप उघडून पाहिला आणि म्हणाला, "काका, याले नवी विंडोज झेपाव नही. लिनक्स टाका. फुकट शे आनि हलकं शे." त्याने एक पेनड्राइव्ह दिला. आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघायचं, आवडलं तर बसवायचं, असं समजावलं. आणि निघताना बजावलं, "पन बसाडाना पहिले तुमन्या फाइली काढी ल्या."

मंगळवारी दुपारी जेवण उरकून रूपचंदभाई बसले. पेनड्राइव्ह लावला, भाषा मराठी निवडली. नवीन रंगाचा स्वच्छ पडदा आला. शोधत शोधत त्यांना जुन्या फाइलींचा कप्पा सापडला. एकेचाळिसावी लावली. जसोदाबाई बोलायला लागल्या आणि कुठेही न अडता थेट शेवटापर्यंत बोलल्या. मीठ म्हणाल्या, हसल्या, पुढे गेल्या. शेवटी भांडं आपटल्याचा आवाज होता आणि त्या पुटपुटल्या होत्या, "आता हे बंद करा, मला रडू येतंय." हे वाक्य रूपचंदभाईंनी आठ महिन्यांत ऐकलं नव्हतं, कारण फाइल तिथवर पोचतच नव्हती. त्यांनी चष्मा काढून पुसला. ठरलं, हेच बसवायचं.

बसवायचं बटण दाबलं. पडद्यावर मराठीत ओळ आली: 'डिस्कवरील सर्व फाइली काढा आणि प्रणाली बसवा.' रूपचंदभाई खूश झाले. कुंदनने सांगितलं होतं तेच, फाइली काढा, मग बसवा, आणि हे यंत्र आपलं आपणच करतंय. दिवाळीला घर रंगवताना जसोदाबाई फडताळातली भांडी काढून ओसरीवर मांडायच्या, रंग वाळला की पुन्हा जागच्या जागी. तसंच हे असणार. खाली लाल अक्षरांत आणखी काहीतरी विचारलं होतं, खात्री आहे का वगैरे. खात्री होतीच. त्यांनी 'हो' दाबलं.

पुढचा प्रश्न आला: 'तुम्ही कोण आहात?' रूपचंदभाई जरा थबकले. बऱ्याच दिवसांत कोणी असं विचारलं नव्हतं. नाव लिहिलं. मग लॅपटॉपचं नाव विचारलं. त्यांनी जसोदा असं लिहिलं आणि उगाचच घरभर नजर टाकली, कोणी बघत तर नाही ना म्हणून. घरात होतं कोण बघायला?

चार वाजता सगळं बसलं. लॅपटॉप झटकन चालू झाला, एकदम तरतरीत. त्यांनी फाइलींचा कप्पा उघडला. रिकामा. दुसरा उघडला. रिकामा. अर्धा तास शोधून त्यांनी कुंदनला फोन लावला.

"फाइली कोठे सापडतीन रे?"

"तुम्ही काढी लिध्यात ना, काका?"

"मी नही. त्या मशीननीच काढ्यात. तसं लिखेल व्हतं."

कुंदन हळू आवाजात म्हणाला, "काका, त्यानी काढी टाक्यात."

काढून घेणं आणि काढून टाकणं. जन्मभर किलोकिलोचा हिशेब ठेवणारा माणूस एका शब्दाच्या मापात चुकला. "लॅपटॉप आनीसन दाखाडा," कुंदन म्हणाला, "पन भरवसा नही. त्यावर नवं लिखाई गयं." रूपचंदभाईंनी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

संध्याकाळ झाली. ते स्वयंपाकघरात गेले, परात घेतली, पिठाच्या डब्याचं झाकण उघडलं आणि तसेच उभे राहिले. सगळं येत होतं, पण हात हलेना. त्यांना एकदम भीती वाटली. दोन वर्षं आपण एकटे आहोत हे त्यांना ठाऊक होतं, पण कळलं ते आता. त्यांनी झाकण लावलं, ओट्याला टेकून जमिनीवर बसले आणि रविवार नसताना सुरतेला फोन लावला.

जसोदाबाईंनी पहिल्याच घंटीला उचलला. "काय झालं? पडलात का? छातीत दुखतंय?"

"काही नाही झालं."

"मग आज मंगळवारी कसा फोन?"

"त्या फाइली गेल्या," रूपचंदभाई म्हणाले. "स्वयंपाकाच्या. सगळ्या. माझ्याच हाताने पुसल्या गेल्या."

मागे पोरांचा टीव्ही चालू होता. जसोदाबाई उठून कुठेतरी दुसरीकडे गेल्या असाव्यात, टीव्हीचा आवाज लांब गेला.

"बरं झालं," त्या म्हणाल्या.

रूपचंदभाईंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"बरं झालं म्हणते. दोन वर्षांत एकदा तरी फोन करून विचारलंत का, मीठ किती घालू? इथे कामिनीने स्वयंपाकाला बाई लावलीय. पोरं तिच्याच हातचं खातात. मला कोणी काही विचारत नाही. पहिले दोन महिने मी फोन उशाशी घेऊन बसायची. म्हटलं, कढी फुटेल, भाकर करपेल, विचारतीलच. पण नाही. मग म्हटलं, तिकडे त्यांचं माझ्यावाचून भागतंय, तर मी जाऊन तरी काय करू?"

भागत नाही, असं रूपचंदभाईंना म्हणायचं होतं. आठ महिने तू मिठावर अडकली होतीस आणि मी समोर बसून होतो, हेही सांगायचं होतं. चाळीस वर्षांत न बोललेलं तोंड एकाएकी उघडतं थोडंच.

"जेवलात?" जसोदाबाईंनी विचारलं. आवाज भिजलेला होता.

"नाही."

"मग उठा. फोन कानाला असू द्या. परात घ्या."

ते उठले. मान वाकडी करून फोन खांद्यात धरला, परात खाली मांडली.

"दादरचं पीठ काढा."

रूपचंदभाईंनी डबा उघडला. दोन भाकरींना तीन मुठी, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. त्यांनी मूठ भरली आणि तशीच धरून ठेवली.

"किती?" त्यांनी विचारलं.