फुगलेल्या पाळण्याची ओटी

पोलादपूरच्या वरच्या आमच्या वाडीत देवीच्या देवळाचा मंडप माणसांनी गच्च भरला होता. मध्ये हातभर लाकडी पाळणा. ना दोरी, ना कुणाचा हात. आपला आपण झुलत होता.

"लांबनं बघा. आई सवता हलवते हाय," पाळणा घेऊन आलेला मुरारी महाराज बजावत होता. "मुंबईतले डॉक्टर हरले, त्यांना इथं पोरं झाली."

मीही हात जोडले. रामजन्माच्या कीर्तनात बुवांनी पाळणा धरला की माझे डोळे भरून येतात; मग हा तर डोळ्यांदेखत हलत होता.

एके सकाळी पाळण्याखालच्या पेटीची फळी फुगून वर आलेली दिसली.

"पाळण्याला दिवस गेले," महाराजानं ठोकून दिलं. "ओटी भरा."

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या अक्षदाबाई पुढे आल्या. "लाकडाला दिवस जात नाहीत. आत काहीतरी तापतंय. मागं व्हा."

"बाई, तुमी पोरांना शिकवा. आईला नका शिकवू," श्रीपत म्हणाला. मंडप हसला.

ओटीचा मान महाराजानं श्रीपतच्या भावजयीला, मूल नसलेल्या प्रयागबाईला दिला. तिनं फुगवट्यावर खण, तांदूळ, नारळ ठेवला. नारळ घरंगळू लागला.

"दाब गो, घट्ट दाब," महाराज म्हणाला.

तिनं दोन्ही हातांनी दाबला. आत काहीतरी फसफसलं, पांढरा धूर आला आणि जाळाचा लोळ उठला. खण पेटला. तिच्या तळहातांची कातडी सोलून निघाली.

"वांझेनं बाळ खाल्लं," महाराज मागं सरकत म्हणाला. "हडळ हाय ती."

श्रीपतनं तिला केसांनी धरून उंबऱ्यावर आपटलं. रोज तिच्याकडचं ताक नेणाऱ्या रखमानं तोंडावर वहाण मारली. मग काठ्या आल्या. अक्षदाबाई तिच्या अंगावर आडव्या पडल्या. एक काठी त्यांच्या कपाळावर फुटली. प्रयागबाईचं कण्हणं थांबलं, तसा मी टाळ उचलला आणि छाती फुटेस्तोवर विठ्ठलाचा गजर धरला. वाडीला कीर्तनाची सवय. गजर ऐकून उगारलेले हात जागीच थबकले.

अक्षदाबाई उठल्या. जळत्या पाळण्यावर माती लोटली आणि निवल्यावर कोयत्यानं फळी उचकटली. आत खेळण्यातली मोटर, पाळणा ढकलणारा दांडा, बाजूला लपवलेली कळ आणि फाटलेलं चंदेरी पाकीट.

"ही आई. मऊ पाकिटाची हलकी बॅटरी. भरली की वीज तोडणारं सर्किट नाही, चार्जर भलताच. जास्त चार्ज होऊन आत वायू साठला, म्हणून फुगली. दाबल्यावर आतले पदर एकमेकांना भिडले आणि पेटली. ही बाई हडळ असती तर तिचेच हात जळाले असते का?"

काठ्या महाराजाकडे वळल्या. "त्यालाही मारायचं नाही," बाई म्हणाल्या. "पोलिसांना बोलवा. आणि हिला आधी दवाखान्यात न्या."

प्रयागबाई जगली. बोटं मात्र आखडली.

पुढच्या रामजन्माला आम्ही स्वतःचा पाळणा केला. महाडच्या दुकानदारानं तसलंच पाकीट पुढं केलं. बाईंनी ते परत सारलं. कडक कवचाची लोह-फॉस्फेट बॅटरी, संरक्षक सर्किट, फ्यूज आणि त्याच बॅटरीचा चार्जर घेतला. पेटीला हवेची भोकं ठेवली, झाकण पारदर्शक.

बुवांनी पाळणा धरला. प्रयागबाईनं मनगटानं कळ दाबली.

"आई हलवते हाय," रखमा पुटपुटली.

"मोटर हलवते गो," प्रयागबाई म्हणाली. "आई बघते हाय."

माझे डोळे तेव्हाही भरले. आतली मोटर दिसत असून भक्ती तसूभर उणी झाली नाही. एवढंच सांगणं: काही आपोआप हललं, फुगलं, पेटलं, तर हात जोडायच्या आणि हात उगारायच्या आधी मागं व्हा, आणि निवल्यावर फळी उघडून बघा.