येतो म्हणा

केरोबा भटजींचा हात धरून रंगमंचावर आला आणि शाळेच्या मैदानात एकच हशा पिकला. स्वतःच्याच लग्नासाठी भटजी आणायला गेलेला हा महाभाग बारा वर्षांनी परतला होता. नवरीचे केस पिकले होते, भटजींचे दात पडले होते, आणि केरोबा आपला विचारत होता, "मुहूर्त टळला नाही ना?"

प्रभावती हसता हसता पदराने डोळे टिपत होती. शेजारी बसलेल्या सुचेताने तिला कोपराने ढोसलं. दोघी याच शाळेच्या ऑफिसात क्लार्क होत्या.

"प्रभाताई, आठव्यांदा बघताय. असला माणूस खरंच दारात आला तर काय कराल?"

"आत घेईन की. मनाने वाईट नाहीये गं तो," प्रभावती म्हणाली. घरच्या माणसाची बाजू घ्यावी तसा तिचा आवाज होता.

'येतो म्हणून गेला' हे संगीत प्रहसन एकोणनव्वद सालापासून दर वर्षी एका शनिवारी दुपारी भाईंदर पश्चिमेला व्हायचं. प्रभावती त्यासाठी बोरिवलीला आणि ठाण्यालाही जाऊन यायची. केरोबा एक नंबरचा थापाड्या, आळशी, दिलेला शब्द हमखास विसरणारा. पण गळा गोड, आणि चूक कबूल करताना चेहरा असा, की रागवायची कुणाची छाती होऊ नये. प्रत्येक प्रवेशात तो "येतो" म्हणून निघायचा आणि बेपत्ता व्हायचा. पुढे पुढे प्रेक्षकच खालून ओरडायला लागले, "जातो म्हण!" त्यात प्रभावतीचा आवाज सगळ्यांत मोठा. शेवटी ओशाळलेला केरोबा मान खाली घालून "जातो" म्हणायचा, आणि इतका वेळ पाठ फिरवून बसलेली नवरी हळूच म्हणायची, "येतो म्हण." त्यावर पडदा पडायचा.

एक्क्याण्णव सालच्या त्या प्रयोगाच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी, प्रभावतीच्या दाराची बेल वाजली. दारात श्रीपती उभा होता, तिचा धाकटा भाऊ. चेंबूरच्या जुन्या शेजाऱ्यांकडून पत्ता काढून आला होता.

दहा वर्षांपूर्वी त्या चेंबूरच्या खोलीत आई तापाने फणफणली होती, तेव्हा हा "औषध घेऊन येतो" म्हणून जिना उतरला होता. आईने चार दिवस दाराकडे बघत काढले. जिन्यात पाऊल वाजलं की विचारायची, "शिरपा आला का?" पाचव्या दिवशी विचारणारीच राहिली नाही. सगळं प्रभावतीने एकटीने निस्तरलं, मग ती भाईंदरला राहायला आली, आणि भावाचं नाव तिने घरात कधी काढलं नाही.

आता तो समोर होता. केस विरळ झालेले, हातात पेरूंची पिशवी. चेहरा मात्र तोच, लहानपणी काही फोडून ठेवलं की करायचा तो. औषधाच्या दुकानापाशी दोस्ताचा ट्रक भेटला, रात्रीपर्यंत परतू म्हणून चढलो, असं तो सांगू लागला.

"आलो होतो, आक्का. पाचव्या दिवशी. खाली माणसं जमलेली दिसली. वर यायला तोंडच नव्हतं."

ही थाप आहे असं प्रभावतीला वाटलं. थापांमध्ये तो पहिल्यापासून पटाईत होता, आणि त्याच्या थापांना आईबरोबर तीही पोट धरून हसली होती. आज ती जाळीच्या दारामागे उभी राहिली. कडी तिने काढली नाही.

"औषध कुठंय?" तिने विचारलं.

श्रीपतीने पेरूंची पिशवी दाराशी ठेवली. मग म्हणाला, "जातो."

आईने दोघांना जन्मभर उंबऱ्यावरून टोकलं होतं. जातो म्हणायचं नाही, येतो म्हण. दूधवाल्यालासुद्धा सोडायची नाही. ते शब्द प्रभावतीच्या अगदी ओठांवर आले. आदल्याच दिवशी तर ते ऐकून तिने टाळ्या वाजवल्या होत्या. तिने आतलं दार लावून घेतलं.

पाच वर्षं गेली. शहाण्णवच्या डिसेंबरात समाधान नावाचा एक माणूस तिला शोधत शाळेच्या ऑफिसात आला. काशीमीऱ्याच्या एका गोदामावर तो आणि श्रीपती वॉचमन होते. श्रीपतीने कावीळ अंगावर काढली, आणि त्याला जाऊन महिना झाला होता. तो तिथे किती वर्षं होता, असं प्रभावतीने विचारलं. सहा, समाधान म्हणाला. काशीमीरा म्हणजे रिक्षाने पाऊण तासही नाही.

"मी किती वेळा बोललो त्याला, जाऊन ये ना बहिणीकडे," समाधान सांगत होता. "तर बोलायचा, मी मुद्दाम जातो बोललो होतो रे. आक्का टोकेल असं वाटलं. जिन्यात थांबलो पण थोडा टाइम. नाही टोकलं तिने."

प्रभावतीपुढे कुणाचा तरी शाळा सोडल्याचा दाखला अर्धा लिहून पडला होता. समाधान गेल्यावर तिने तो पुरा केला, शिक्का मारला, आणि मग तिला रडू फुटलं. नाटकातल्या केरोबाला तिने इतक्या वेळा माफ केलं होतं, तेही हसत हसत. सख्ख्या भावाला एकदाही नाही.

जानेवारीत मैदानावर पुन्हा प्रयोग लागला. सुचेता तिला ओढूनच घेऊन गेली. केरोबा झालेला नट आता थकला होता, गाताना त्याला दम लागत होता, पण हशा तेवढाच होता. "जातो म्हण!" लोक ओरडले. प्रभावती गप्प बसून राहिली. शेवटी केरोबाने मान खाली घातली, "जातो" म्हणाला, आणि नवरीबरोबर अख्ख्या मैदानाने म्हटलं, "येतो म्हण." पुढच्या सतरंजीवरची चिल्लीपिल्लीसुद्धा म्हणाली.

खुर्च्या उचलल्या गेल्या, सुचेता घरी गेली. शाळेचे म्हातारे शिपाई दाजी काशीमीऱ्याजवळच्या काशीगावात राहायचे. फाटकाला कुलूप घालून त्यांनी ते ओढून पाहिलं आणि पिशवी काखेत मारली.

"चला बाई, माजी बस हाय आता. जातू मी."

"दाजी, येतो म्हणा."

तिचा आवाज एवढा चढला होता, की दाजी गडबडून जागीच थांबले.

"येतू, बाई. उद्या न्हाय, उद्या सुट्टी हाय. परवा येतू."

ते रस्ता ओलांडून थांब्यावर जाऊन उभे राहिले. त्यांची बस येऊन सुटेपर्यंत प्रभावती फाटकापाशी थांबली होती.