न पाठवलेली चांदीची फांदी

मित्रांनो, मी एक जुनी चांदीची फांदी आहे. वीतभर लांबी, सहा पाने आणि एक अर्धवट राहिलेले फूल. सध्या माझा मुक्काम सिडनीतल्या पॅरामॅटाला, चौथ्या मजल्यावर आहे.

माझा जन्म मलायातल्या, आजच्या मलेशियातल्या, केलांतनचा. तिथला राजा दर तीन वर्षांनी सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, राजाकडे सोन्याचे आणि चांदीचे झाड पाठवत असे. तिकडूनही भेटी येत. आम्ही तुम्हाला मोठे मानतो, तुम्ही आम्हाला सांभाळा, असा तो जुना रिवाज होता. १९०९ साली अशाच एका झाडासाठी सोनार माझे फूल घडवत बसला असताना बातमी आली. इंग्रज आणि सयाम यांनी बँकॉकमध्ये करार केला होता आणि केलांतन आता इंग्रजांकडे गेले होते. केलांतनच्या राजाला कोणी विचारलेसुद्धा नाही. आता झाड पाठवायचे कोणाला? ते वितळवले गेले. सोनाराने मला तेवढे वाचवले.

त्याची नात सलमा मला ऑस्ट्रेलियात घेऊन आली. ती मला रोज पुसायची. पुढे तिचे डोळे अधू झाले आणि मी काळी पडत गेले.

२०२१ साली शेजारच्या करुणाचे बाबा, दादाराव, नागपुरात कोविडने वारले. विमाने बंद होती. करुणाने अंत्यविधी मोबाइलवर पाहिला आणि दार लावून घेतले. सलमा रोज तिच्या दाराबाहेर भाताचा डबा ठेवायची. तीन दिवस कोणी तो उचललाच नाही. चौथ्या दिवशी तो आत गेला आणि संध्याकाळी झुणक्याने भरून परत आला.

"रिकामा डबा परत द्यायचा नसतो, असं आई म्हणते," करुणा दारातूनच म्हणाली.

"आमच्याकडेही तसंच," सलमा हसली.

ऑगस्टमध्ये सलमालाच ताप आला. अँब्युलन्स खाली उभी असताना तिने मला रुमालात गुंडाळून करुणाच्या दाराशी ठेवले.

"आंटी, परत येऊन न्यायची हं ही!" करुणा दार उघडून म्हणाली.

"येईन. तोवर पूस तिला."

ऑफिसचे काम संपले की करुणा लॅपटॉप मिटून मला मऊ कपड्याने पुसायची. मग हॉस्पिटलला व्हिडिओ कॉल लावून मला कॅमेऱ्यासमोर धरायची. आजोबांनी कोणते पान कसे वळवले, ते सलमा धापा टाकत सांगायची आणि करुणा वहीत लिहून घ्यायची. एके दिवशी फोन लागलाच नाही. त्या दिवशी करुणाने मला तीनदा पुसले.

बावीस दिवसांनी सलमा घरी आली. कॉरिडॉरमध्ये दोन खुर्च्या लांब लांब ठेवून, मास्क लावून दोघी बसल्या. सलमाने मला मांडीवर घेतले आणि ती म्हणाली, "माझ्या आजोबांचं खूप झालं. आता तू सांग. तुझे बाबा कसे होते?"

करुणाने हातातली वही मिटली.

"बाबांना ना, सायकलचं वेड होतं," ती म्हणाली. मग हसत, रडत ती बोलतच राहिली.

मित्रांनो, तुमच्या घरातही कपाटात कोंडलेली एखादी जुनी वस्तू असेल. ती बाहेर काढा, पुसा. आणि ती कोणाची, कुठून आली, हे विचारा. सांगणारे माणूस समोर आहे तोवर विचारा.