थंड खोली, गरम खोली

“नर तुमचे, माद्या माझ्या,” मॅडमनी बजावलं. “उगाच घोळ नको.”

“इतक्या वर्षांत कधी घातलाय मी घोळ?” म्हणत सरांनी माद्यांच्या बाटलीत फळमाश्यांचे नर सोडले आणि तिच्या तोंडाला कापसाचा बोळा बसवला.

दोघं नवराबायको. प्राणिशास्त्र विभागाच्या कॉरिडॉरमध्ये टेबलाच्या दोन बाजूंना बसले होते, कारण एका बाजूला बसायला नियमाने बंदी होती. नियम मॅडमचाच. लग्नाच्या वर्षी त्यांनी एकाच टोपलीतल्या केळ्यांवरच्या माश्या पकडून दोन वाटे केले. एक वाटा थंड खोलीत, मॅडमकडे. दुसरा गरम खोलीत, सरांकडे. पिढ्यानपिढ्या वेगळ्या ठेवल्या, की एक दिवस दोन्हीकडच्या माश्या जुळणार नाहीत. जुळल्याच तरी वंश पुढे चालणार नाही. म्हणजे एका जातीच्या दोन जाती. निसर्गाला याला लाखो वर्षं लागतात. यंदा विभागप्रमुख म्हणाले होते, “निसर्गाला लागू देत. मला दोन्ही खोल्या सत्र संपायच्या आत रिकाम्या हव्यात.”

नियम साधा होता. एका खोलीतल्या माणसाने दुसरीत पाऊल टाकायचं नाही. बाहीला चिकटून एखादी गाभण माशी गेली, की सगळ्यावर पाणी. अशी माशी घरीही येऊ शकते हे मॅडमच्या लक्षात आलं, तेव्हा घरात कपाटं वेगळी झाली. मग बादल्या. मग सर हॉलमध्ये झोपायला लागले.

“अगं, माशी उशीवर अंडी घालत नाही,” ते पहिल्या दिवशी म्हणाले होते.

“प्रयोग संपेपर्यंतच हो.”

मुलाबाळांचंही तेच ठरलं. प्रयोग संपेपर्यंत.

विद्यार्थी त्यांना थंड मॅडम आणि गरम सर म्हणत. सर आयुष्यात कोणावर गरम झाले नव्हते. पण विज्ञानात नावं अशीच पडतात.

आता मॅडम श्वास रोखून बाटलीकडे बघत होत्या. त्यांच्या माद्यांनी पाठ फिरवली, तर आयुष्य सार्थकी लागणार होतं. एक मादी पाय चोळत बसली. सरांकडचा एक नर तिच्याभोवती फिरला आणि एक पंख ताणून थरथरवू लागला.

“नाही आवडलेला तिला,” मॅडम म्हणाल्या.

“लाजतेय गं.”

“माश्या लाजत नाहीत!”

ती खरंच लाजत नव्हती. टेबलावरचा चहा निवायच्या आत बाटलीत एकही मादी एकटी उरली नाही.

“पोरं वांझ निघतील,” मॅडम म्हणाल्या.

“निघतील की,” सर म्हणाले. त्यांना बायकोची समजूत काढायची दुसरी रीत सुचेना.

पोरं निघाली ती धडधाकट. त्यांनाही पोरं झाली. विभागप्रमुखांनी बाटली उजेडात धरली. “वा! नातवंडांनी घर भरलं की तुमचं! पार्टी कधी?”

मॅडम हसल्या नाहीत. सर हसले, कारण कोणीतरी हसायला हवं होतं.

माश्या फ्रीजरमध्ये गेल्या, नातवंडांसकट. प्रयोग संपला, तसा नियमही संपला. मॅडम पहिल्यांदाच गरम खोलीत शिरल्या. आत दोन खुर्च्या होत्या. एकीच्या गादीला बसून बसून खड्डा पडलेला. दुसरीवर दुकानातलं प्लास्टिक अजून तसंच.

“ही कोणाची?”

“तुझी. मला वाटलं होतं, पहिल्याच वर्षी फसेल प्रयोग.”

“वाटलं होतं, का हवं होतं?”

सर प्लास्टिकवरची धूळ पुसत राहिले.

मॅडम बसल्या. प्लास्टिक चरचरलं. थोड्याच वेळात त्यांना दरदरून घाम फुटला. “बाई गं, कसं हो बसता तुम्ही इथे?” म्हणत त्या उठल्या आणि कॉरिडॉरमध्ये आपल्या जागेवर जाऊन रुमालाने वारा घेऊ लागल्या.

सर मागोमाग आले. टेबलाला वळसा घालून पहिल्यांदाच त्यांच्या शेजारी उभे राहिले. तिथे थंड खोलीच्या दारातून येणाऱ्या गारव्याने त्यांना हुडहुडी भरली. गरम खोलीत जाऊन स्वेटर घालून आले, आणि समोर, आपल्या बाजूला बसले.