बजाबाईंचे शब्द

"साइट उघडंना झालीय की रे गुरुशांत," फोनवर यज्ञेश्वर सर म्हणाले. "नुसतं पांढरं पान येतंय. माझ्याच फोनचं काही बिघडलंय का?"

गुरुशांतच्या समोर संगणकावर तेच पांढरं पान होतं. पाऊण तास झाला, तो त्याच्याकडे बघत बसला होता.

"न्हाय सर, तुमच्या फोनला काय न्हाय झालं. होस्टिंग कंपनीचा सर्व्हर बसलाय. त्यांच्याकडनंच घोळ हाय."

"मग त्याला तू तरी काय करणार! चालू झाली की कळव," म्हणून सरांनी फोन ठेवला.

घोळ कंपनीचा नव्हता. सोलापुरात नव्या पेठेतल्या एका खोलीत बसून गुरुशांत पंधरा वर्षं वेबसाइट बनवत होता. प्रत्येक गिऱ्हाइकाचा डेटाबेस वेगळा ठेवावा हे त्याला चांगलं कळत होतं. तरी सात साइट त्याने एकाच स्वस्त होस्टिंगवर, एकाच डेटाबेसमध्ये कोंबल्या होत्या. कुठलं टेबल, म्हणजे माहितीचा तक्ता, कुणाचं, ते नावाच्या सुरुवातीवरून ओळखायचं. त्या सकाळी जागा भरल्याचा इशारा आला, म्हणून कधीच बंद पडलेल्या 'यज्ञ मंगल कार्यालया'ची टेबलं तो पुसायला बसला. सरांच्या टेबलांची नावंही तशीच सुरू होत होती. फरक एका आकड्याचा. बारा टेबलं निवडली, पुसली, आणि चहा प्यायला खाली गेला. परत येऊन बघतो तर मंगल कार्यालय जागच्या जागी होतं, सरांची टेबलं गेली होती.

सर मंगळवेढ्याचे, निवृत्त शिक्षक. जोंधळ्याच्या शेतातले शब्द गोळा करायचा त्यांना नाद. सरांनी साइटवर एक शब्द टाकायचा आणि खाली प्रतिक्रियांत लोकांनी आपापले शब्द लिहायचे. कणीस बाहेर पडायच्या आधीची पोटरी, मग ते बाहेर पडणं म्हणजे निसवणं, पाच पेंढ्यांचा पाचुंदा. सहा वर्षांत लोकांचे चार हजार शब्द जमले होते. सरांचे स्वतःचे वहीत तरी होते. लोकांचे फक्त त्या टेबलांत. त्यांतले सगळ्यात जास्त बजाबाई नावाच्या एका शेतकरी बाईंचे.

"बॅकअप असतो ना रे?" सर दरवर्षी विचारत.

"रोजचा असतो सर," गुरुशांत दरवर्षी सांगे. बॅकअप त्याने कधी सुरूच केला नव्हता. बॅकअपच्या प्रतींनी जागा भरली असती.

चार दिवस त्याने धडपड केली. त्या योजनेत आम्ही प्रत ठेवत नाही, असं कंपनीने कळवलं. इंटरनेटवर कुठे कुठे साठून राहिलेली अकरा पानं तेवढी हाती लागली. पाचव्या दिवशी सकाळी त्याने मंगळवेढ्याची एसटी धरली.

सरांचं दार उघडंच होतं. ते पाठमोरे बसून फोनवर बोलत होते.

"नाही हो बजाबाई, आमच्या पोराची काही चूक नाही. कंपनीनं घोळ घातलाय. तो बिचारा चार दिवस झोपला नसेल."

गुरुशांत उंबऱ्यातच थांबला. आतून सरांच्या पत्नी मालतीकाकूंनी त्याला पाहिलं. "अगंबाई, गुरुशांत! ये की आत. उन्हातनं आलास, पाणी देते."

त्याने पाण्याचा तांब्या हातात घेतला, पण प्यायला नाही.

"सर, कंपनीनं न्हाय केलं. म्या पुसलं. दुसऱ्याचं समजून."

सरांनी चष्मा काढला. "बरं. चूक होते. बॅकअपवरून घे मग."

"बॅकअप न्हाय सर."

"आदल्या दिवशीचा नसेल तर मागच्या महिन्याचा घे."

"कधीच न्हवता."

सरांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं गुरुशांतला वाटलं. खिडकीबाहेर बघत त्यांनी चष्मा पुसला. मग त्यांनी फोन उचलला, वेळापूरच्या बजाबाईंचा नंबर लावला आणि त्याच्यापुढे धरला.

"मी त्यांना खोटं सांगितलंय. खरं तू सांग."

गुरुशांतने फोन कानाला लावला. त्याने सांगितलं. पलीकडे शेतात कुणीतरी पाखरं हाकत होतं.

"समदं गेलं व्हय?" बजाबाईंनी विचारलं.

"व्हय, मावशी."

"नातीकडनं लिहून घेत व्हते की रं मी. तिला शाळंत जायचं असायचं, तरी बसवायची. त्यातलं निम्मं माज्या सासूचं व्हतं. आत्याबाई औंदा वारल्या. आता कुणाला इचारू?"

'माफ करा' गुरुशांतच्या तोंडापर्यंत आलं, पण ते फारच स्वस्त वाटलं. त्याने सरांच्या टेबलावरचा कागद ओढला.

"तुमाला आठवतील तेवढं सांगा मावशी. म्या लिहितो."

"आता? जोंधळ्याची सोंगणी चालू हाय आमची."

"व्हय. सांगा की."

बजाबाईंनी एक शब्द सांगितला, मग दुसरा. तिसऱ्याचा अर्थ सांगितला, पण शब्द सापडेना. "थांब हां," त्या म्हणाल्या, "कणीस वाकतं बग, दाण्याच्या वज्यानं... त्याला आत्याबाई कायतरी म्हनायच्या..."

फोनमधून नुसता वाऱ्याचा आवाज येत राहिला. काकूंनी चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. गुरुशांतने अर्थ लिहिला, त्याच्या आधी शब्दापुरती जागा मोकळी सोडली आणि फोन कानाशी धरून तो वाट बघत बसला.